स्थानिक वर्तमानपत्र टिकेल का? बडोद्यातून एक सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या वाडी भागात तुमचं मराठी घर आहे. आजोबांच्या वेळेपासून घरी गुजराती दैनिक येतं. आता ते बंद करावं असं घरात चाललंय, कारण बातम्या आदल्या रात्रीच मोबाइलवर कळतात. तुम्ही स्वतः पत्रकारिता शिकताय. म्हणून विचारताय की स्थानिक वर्तमानपत्राला शहरात काही काम उरलंय का, पुढं ते टिकेल का, आणि इथल्या मराठी लोकांसाठी मराठीतून काही सुरू करण्यात अर्थ आहे का.

मी याच शहरातल्या गुजराती दैनिकांत आधी वार्ताहर आणि नंतर शहर आवृत्तीच्या डेस्कवर उपसंपादक होतो, निवृत्त होईपर्यंत. महापालिका हे माझं बीट, म्हणजे नेमून दिलेलं बातम्यांचं क्षेत्र. पुढं जे लिहितोय ते खंडेराव मार्केटच्या इमारतीत, म्हणजे महापालिकेच्या कचेरीत, तिथल्या कारकुनांच्या टेबलांपाशी आणि सभागृहाच्या पत्रकार कक्षात शिकलेलं आहे.

कागदाचं काय होईल याची मला फारशी चिंता नाही. चिंता एका माणसाची आहे. शहरात असा एक तरी माणूस पगारावर असला पाहिजे, ज्याचं कामच मुळी कंटाळवाण्या बैठकांना बसणं, रुक्ष कागद वाचणं आणि मागच्या वर्षी काय ठरलं होतं ते लक्षात ठेवणं हे आहे. स्थानिक वर्तमानपत्र म्हणजे या माणसाचा पगार निघण्याची आजवरची सर्वांत टिकाऊ व्यवस्था. ती व्यवस्था डळमळलीय आणि तिच्या जागी दुसरी अजून उभी राहिलेली नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

हे काम नेमकं कसं असतं ते सांगतो, कारण पत्रकारितेच्या वर्गात ते फारसं शिकवत नाहीत. आपल्या महापालिकेत 19 प्रभाग आणि 76 नगरसेवकांच्या जागा. सर्वसाधारण सभेत भाषणं होतात, गोंधळ होतो, फोटो चांगला मिळतो. पैशाचे निर्णय मात्र स्थायी समितीत होतात. तिचा अजेंडा म्हणजे कामांची यादी: अमुक भागात पावसाळी गटार, तमुक टाकीची दुरुस्ती, एका जुन्या कंत्राटाला मुदतवाढ, दुसऱ्याला वाढीव खर्चाची मंजुरी. नवा वार्ताहर यातलं सर्वांत मोठ्या रकमेचं काम उचलतो आणि त्याची बातमी करतो. बीटवर मुरलेला वार्ताहर आधी मुदतवाढी शोधतो. नव्या निविदेवर प्रतिस्पर्धी ठेकेदारांचे डोळे असतात, मुदतवाढीकडे कोणी बघत नाही. मग अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के चढ्या दरानं काम दिलं, निविदा किती आल्या, एकच आली असेल तर पुन्हा का मागवली नाही, तातडी म्हणून निविदेविना दिलं असेल तर तातडी कसली होती, हे एकेक विचारत जायचं. यासाठी कोणी आतला माणूस फोडावा लागत नाही. फक्त कागद घेऊन बसावं लागतं आणि ज्याच्याकडे दुसरं काम नाही असा माणूस लागतो.

आणि मागचं आठवावं लागतं. आमच्या कचेरीत कात्रणांची पाकिटं असत, विषयवार: पाणी, जकात, विश्वामित्री, न्यायमंदिर, सूरसागर. यातल्या सूरसागरच्या पाकिटाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 1993 च्या ऑगस्टमध्ये सूरसागर तलावात सहलीची बोट उलटून 22 माणसं बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक बसवले होते. भर शहरातला तलाव, चारी बाजूंनी वस्ती. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्या मनातून तो गेलेला नाही. पुढं 2017 मध्ये हरणी तलावाच्या विकासाचं आणि तिथल्या नौकाविहाराचं काम खासगी भागीदारीत दिलं गेलं. 18 जानेवारी 2024 ला शाळेच्या सहलीची मुलं त्या तलावात बोटीत बसली. पुन्हा क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. नंतर उच्च न्यायालयानं ते कंत्राट ज्या रीतीनं दिलं गेलं त्यावरच कडक प्रश्न उभे केले.

दुर्घटनेनंतर सगळीच माध्यमं तिथं पोचली, आठवडाभर शहरात दुसरा विषय नव्हता. पण स्थानिक पत्रकाराची खरी वेळ 2017 ची असते. तलावात बोटी चालवायचा ठराव समोर आला की ज्याला 1993 चं पाकीट ठाऊक आहे तो उठून विचारतो: बोटींची तपासणी कोण करणार, किती महिन्यांनी करणार, जॅकेटं मोजणार कोण, आणि हे सगळं करारात कुठल्या कलमात लिहिलंय? हे प्रश्न त्या दिवशी छापले गेले, दर सहा महिन्यांनी पुन्हा छापले गेले, तर अधिकाऱ्याला फाइल उघडावी लागते. प्रत्येक वेळी जीव वाचतीलच असं मी म्हणत नाही. पण विचारणारं कोणी नसलं तर फाइल उघडायचं कारणच उरत नाही.

तालुक्यातही हेच. पादऱ्याच्या बाजूचा महीसागरवरचा गंभीरा पूल 9 जुलै 2025 च्या सकाळी तुटला आणि किमान 20 माणसं मेली. पूल हादरतो, धोकादायक झालाय, अशा लेखी तक्रारी आधीच झालेल्या होत्या. तक्रार कोणीतरी केलेली असते, कुठल्यातरी टेबलावर पडलेली असते. त्या अर्जाची प्रत आणि आवक क्रमांक घेऊन दर महिन्याला त्या टेबलापाशी जाणारा माणूस म्हणजे तालुक्याचा वार्ताहर. पादरा, डभोई, करजण, सावली, वाघोडिया इथं बसणाऱ्या या वार्ताहरांची अवस्था वाचकाला माहीत नसते. बहुतेकांना नियमित पगार नाही. ओळीमागे किंवा बातमीमागे तुटपुंजं मानधन, आणि खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळी अंकाला, 15 ऑगस्टला, नेत्याच्या वाढदिवसाला ज्या सरपंचाकडून आणि ज्या ठेकेदाराकडून त्यानं शुभेच्छांची जाहिरात आणायची, त्यांच्याच पुलाबद्दल त्यानं लिहायचं. आपल्या वर्तमानपत्रांची सर्वांत कमकुवत कडी ही आहे, आणि ती मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून कमकुवत आहे. याबद्दल मालकांनी कधी मनापासून विचार केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या घरच्यांचं म्हणणं: बातमी आधीच कळते. खरंय. अपघात, आग, रस्ता बंद, पाऊस, या बातम्यांत छापील दैनिक हरलंय आणि ते मान्य करावं. पण कळणं आणि खात्रीनं कळणं यात पुराच्या दिवशी केवढं अंतर पडतं ते प्रत्येक बडोदेकरानं अनुभवलंय. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी काळा घोडा पुलापाशी 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 26 फूट. त्याआधी 31 जुलै 2019 ला एका दिवसात 18 इंचांहून जास्त पाऊस पडला होता. अशा प्रत्येक वेळी अजवा फुटल्याची आवई उठते. सयाजीरावांच्या काळात बांधलेलं ते धरण उभंच असतं, पण रात्री दोन वाजता सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरतो आणि लोक मुलाबाळांना घेऊन गच्चीवर जातात. त्या वेळी माणसाला हवे असतात दोन आकडे: अजव्याची पातळी किती आणि काळा घोडापाशी नदी किती. तिसरी गोष्ट म्हणजे दरवाजातून पाणी किती वाजता सोडणार. हे आकडे नियंत्रण कक्षातून मिळतात. पण अजव्यातून सोडलेलं पाणी शहरात पोचायला किती तास लागतील, समा आधी बुडेल की कारेलीबाग, मागच्या पुरात याच पातळीला कुठल्या सोसायटीत पाणी शिरलं होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं सांगितलेल्या आकड्याला अर्थ येतो. ते ज्ञान बीटवर राहून येतं.

व्हॉट्सॲप ग्रुप किंवा पोळातल्या, म्हणजे जुन्या शहराच्या गल्लीतल्या, पोराचं यूट्यूब चॅनल यांना मी कमी लेखत नाही. गटार तुंबल्याचा पहिला व्हिडिओ तेच टाकतात आणि त्यामुळे कितीतरी कामं झटपट होतात. फरक जबाबदारीचा आहे. वर्तमानपत्राच्या अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. चुकीचं छापलं तर त्या नावावर नोटीस जाते, दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. ग्रुपवरचा निरोप चुकला तर ‘हा संदेश काढून टाकला’ एवढीच ओळ दिसते आणि तोवर तो आणखी शंभर ग्रुपांवर गेलेला असतो.

स्थानिक वर्तमानपत्र नसलं तर काय होतं, याचा एक हिशेब अमेरिकेत झालाय. तिथं 2005 पासून एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली, बहुतेक छोट्या गावांची. काही अर्थशास्त्रज्ञांनी एक वेगळीच गोष्ट मोजली: गावचं वर्तमानपत्र बंद पडल्यावर तिथल्या नगरपालिकेला कर्ज किती महाग पडतं? रोख्यांचं व्याज 5 ते 11 बेसिस पॉइंटनी वाढलेलं आढळलं, म्हणजे शेकडा 0.05 ते 0.11. बघणारं कोणी नाही, तेव्हा खर्चात पाणी मुरणार, हे कर्ज देणाऱ्याला कळतं आणि तो जास्त व्याज मागतो.

हे मी बडोद्यात का सांगतोय? कारण आपली महापालिकाही आता बाजारातून कर्ज घेते. मार्च 2022 मध्ये तिनं 100 कोटींचे रोखे 7.15 टक्क्यांनी काढले आणि मार्च 2024 मध्ये आणखी 100 कोटींचे हरित रोखे 7.90 टक्क्यांनी. अमेरिकेतला आकडा इथं जसाच्या तसा लागू होईल असं नाही. तिथला रोखेबाजार जुना आणि मोठा आहे. पण प्रमाण समजण्यापुरता गुणाकार करून बघा. 100 कोटींवर 5 ते 11 बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला 5 ते 11 लाख रुपये. एवढ्यात महापालिकेच्या बीटवर एक चांगला वार्ताहर, कदाचित दोन, वर्षभर ठेवता येतात. त्यांचा पगार नागरिकांनी वर्गणीतून दिला नाही तर तेवढी रक्कम घरपट्टीतून व्याजात जाण्याची शक्यता आहे. घरात हे अवश्य सांगा.

पण वर्गणीवर दैनिक कधीच चाललेलं नाही, आणि दुखणं इथंच आहे. अंकाच्या किमतीत कागद, शाई, छपाई, अंक पोचवणारी टॅक्सी आणि घरोघरी अंक टाकणाऱ्या फेरियाचं कमिशन एवढंही निघत नाही. महिन्याच्या बिलातला बरा भाग वाचक रद्दी विकून परत मिळवतो. उरलेला सगळा भार जाहिरातींवर, आणि स्थानिक जाहिरातींचे ठरावीक झरे होते. घरं, नोकऱ्या, जुन्या गाड्या, स्थळं यांच्या छोट्या जाहिराती वेबसाइटांवर गेल्या. निविदा सूचना पूर्वी अर्ध्या पानाच्या येत. आता तपशील सरकारी निविदांच्या एन-प्रोक्योर पोर्टलवर आणि दैनिकात चार ओळी. बेसण्याच्या जाहिराती, म्हणजे कोणी गेल्याची बातमी, फोटो, वेळ आणि ठिकाण, हा गुजराती दैनिकांचा फार मोठा आधार. आपली मराठी घरंही त्या देत आलीत. आता मोबाइलवर कार्ड फिरतं. वकिलांच्या जाहीर नोटिसा मात्र टिकून आहेत. फ्लॅट विकत घेताना टायटल क्लिअर आहे का, कोणाचा हक्क-दावा आहे का, यासाठीची ती छोटी चौकट कोर्टात पुरावा म्हणून चालते. शहरातली वयस्क मंडळी ती चौकट बातम्यांच्या आधी वाचतात आणि बरोबर करतात. घरच्या जमिनीवर भलत्यानं दावा लावल्याचं कितीतरी कुटुंबांना तिथूनच कळलंय.

उरल्या मोठ्या जाहिराती: सरकार, बिल्डर, खासगी रुग्णालयं, क्लासेस. आणि नेमकं याच चौघांवर लक्ष ठेवायचं असतं. मी ज्या एका दैनिकात काम करत होतो तिथं तलावाच्या आरक्षणाच्या जागेवरच्या बांधकामाची माझी बातमी, नकाशा आणि ठरावाच्या प्रतीसकट, रात्री पानावरून उतरली. सकाळी त्याच बांधकाम व्यावसायिकाची पूर्ण पान जाहिरात होती. संपादकानं मला काही सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. हे एकट्या त्या दैनिकाचं दुखणं नव्हे. मुख्य कचेरी अहमदाबादला, शहराची आवृत्ती ही साखळीतली एक कडी. शहराची पानं आधी कमी होतात, मग जुन्या वार्ताहरांच्या जागा भरल्या जात नाहीत, मग एकाच पोरावर महापालिका, पोलीस आणि विद्यापीठ अशी तीन बीटं येतात. तो प्रेसनोट टाकतो, कारण दुसरं काही करायला त्याच्याकडे वेळच नसतो. वाचकाला चार दैनिकांत तीच बातमी त्याच शब्दांत दिसते आणि तो म्हणतो, यात काही उरलं नाही. तुमच्या घरच्यांना तेच वाटत असेल तर ते चुकताहेत असं मी म्हणणार नाही.

छोट्या बातम्यांची एक बाजू राहिली. उद्या रायका-दोडका फ्रेंच वेलवर (नदीपात्रातल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींवर) दुरुस्ती, म्हणून अमुक टाक्यांवर संध्याकाळचं पाणी कमी दाबानं. नगररचना योजनेचा मसुदा जाहीर, हरकती अमुक तारखेपर्यंत. शाळेच्या प्रवेशाची मुदत. अमुक पोळातल्या मुलीची राज्य संघात निवड. डेस्कवरचे लोक यांना भरतीचा मजकूर समजत. मला ते कधी पटलं नाही. नगररचनेच्या हरकतीची तारीख चुकली तर माणसाचं अंगण रस्त्यात जातं आणि नंतर कोर्टात फेऱ्या मारूनही हाती फारसं लागत नाही.

आता मराठीबद्दल. बडोद्याला मराठी पत्रांची चांगली परंपरा आहे. दामोदर सावळाराम यंदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथूनच ‘बडोदा वत्सल’ आणि ‘सयाजीविजय’ चालवले. भगवंतराव पाळेकरांनी 1917 मध्ये सत्यशोधक विचारांचं ‘जागृति’ साप्ताहिक काढलं आणि 1949 पर्यंत चालवलं. ते बंद पडलं त्याच वर्षी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1921 साली इथं साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते केसरीचे न. चिं. केळकर, आणि 2018 मध्ये संमेलन पुन्हा इथं भरलं. याच्या जोडीला सयाजीरावांची ग्रंथालय चळवळ: 1910 मध्ये ग्रंथपाल बोर्डन यांना अमेरिकेतून बोलावलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगाव वाचनालयं आणि फिरत्या ग्रंथपेट्या गेल्या. वाचनालयात एक अंक येई आणि सगळा गाव वाची.

मला पाळेकरांचा धडा सर्वांत मोलाचा वाटतो. ‘जागृति’ केवळ मराठी भाषेत होतं म्हणून बत्तीस वर्षं चाललं नाही. शेतकरी आणि बहुजन समाजाच्या शिक्षणाचे, हक्कांचे जे प्रश्न इतर पत्रं धड मांडत नव्हती ते तिथं मांडले जात होते. आज दांडिया बाजारात, बाबाजीपुऱ्यात, प्रतापनगरला राहणारा मराठी माणूस गुजराती अस्खलित वाचतो. पाणी, रस्ता, शाळा यांच्या बातम्यांसाठी त्याला मराठी पत्राची गरज नाही. त्यामुळे तुम्ही मराठीतून दैनिकाची छोटी नक्कल काढली तर लोक कौतुकानं पहिले तीन अंक घेतील आणि विसरतील. सत्कार, हळदीकुंकू, गणेशोत्सवाचे फोटो आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांची नावं यांवरही पत्रक चालतं, वर्गणीही जमते, पण त्यासाठी पत्रकार लागत नाही.

मग काय करता येईल? मी तुमच्या वयाचा असतो तर मोठं काही न करता एका भागापासून सुरू केलं असतं: तुमचा प्रभाग, शेजारचा एक. महिन्यातून दोनदा, मोबाइलवर वाचता येईल असं, आणि ज्येष्ठांसाठी साध्या छपाईचं चार पानी. मजकूर गुजरातीत आणि मराठीत दोन्ही, कारण गल्लीत दोन्ही घरं आहेत आणि नळ एकाच वाहिनीचा आहे. प्रत्येक अंकात त्या प्रभागात कुठलं काम मंजूर झालं, किती रुपयांचं, कोणाला दिलं, कधी पुरं व्हायचं आणि आज कुठपर्यंत आलंय एवढं नेमानं द्यायचं. माहिती अधिकारात अर्ज केला तर 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आलेलं उत्तर छापायचं, न आलेलंही छापायचं. मराठीचं खास काम म्हणाल तर जुन्या शहराची नोंद आहे: वाडे पडताहेत, देवस्थानांच्या जमिनींचे वाद कोर्टात आहेत, मराठी शाळांच्या इमारतींचं पुढं काय होतं ते बघायला कोणी नाही. याचे जुने कागद मराठीत आहेत, बरेचसे मोडीत. ते वाचू शकणारा वार्ताहर इथल्या कुठल्याही मोठ्या दैनिकाकडे असेल असं मला वाटत नाही. मोडी शिकून घ्या. हे शहराच्या उपयोगाचं आहे आणि तुमच्याखेरीज कोणी करणार नाही.

पैशाचं गणित साधं ठेवा. बुंदेलखंडात चित्रकूटकडे 2002 मध्ये ग्रामीण बायकांनी, त्यात बऱ्याच दलित, ‘खबर लहरिया’ नावाचं बुंदेली पत्र सुरू केलं. पुढं छपाई सोडून त्या मोबाइलवर गेल्या आणि त्यांचं काम चालू राहिलं. कारण त्यांनी माध्यम बदललं, गावात फिरायचं सोडलं नाही. तुम्हीही सुरुवातीलाच छपाईत पैसे घालू नका, माणसाच्या वेळेत घाला. दोन-तीनशे घरांनी महिन्याला एका दैनिकाच्या बिलाइतकी रक्कम दिली तर एका माणसाचं अर्धवेळ मानधन सुटतं. किराणा दुकान, पिठाची गिरणी, क्लास अशा जाहिराती घ्या. पण ज्याची बातमी करायची शक्यता आहे अशा ठेकेदाराची, बिल्डरची आणि नगरसेवकाची जाहिरात पहिल्या दिवसापासून नको. एकदा घेतली की सोडवत नाही, हे मी जवळून पाहिलंय. आणि घरून पैसे मागताना स्पष्ट सांगा की दोन वर्षं हे पोटापुरतं देणार नाही. तोवर नोकरी करावी लागेल, आणि ती एखाद्या दैनिकाच्या शहर डेस्कवर मिळाली तर उत्तम.

नोंदणीचं विचारणार असाल तर 1867 चा जुना कायदा गेला. त्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा 2023 चा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झालाय. अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. छापील अंक नियमित काढणार असाल तर नोंदणी करूनच काढा. फक्त मोबाइलवर बातम्या देणार असाल तर 2021 चे आयटी नियम वाचा, तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. छोट्या पत्राला त्रास द्यायचा तर पहिला हात याच कागदांवर पडतो, म्हणून ते पक्के हवेत.

राहिला घरच्या दैनिकाचा प्रश्न. ते बंद करायच्या आधी एक महिना शहराची पानं पेन्सिल घेऊन वाचा. ज्या बातमीत वार्ताहर स्वतः कुठंतरी गेला होता, कागद पाहून आला होता किंवा जुनी गोष्ट आठवून प्रश्न विचारत होता, तिथं खूण करा. प्रेसनोटला खूण नको. शेजाऱ्यांकडे येणारं दुसरं दैनिकही असंच तपासा. जिथं खुणा जास्त, ते चालू ठेवा. दोन्हीकडे महिनाभरात बोटावर मोजण्याइतक्याच खुणा झाल्या तर दोन्ही बंद करा आणि संपादकाला पत्र लिहून कारण कळवा, बातम्यांच्या तारखांसकट. ज्या वार्ताहराच्या बातमीला खूण झाली असेल त्याचं नावही त्या पत्रात लिहा. डेस्कवर अशी पत्रं फार कमी येतात. येतात तेव्हा ती बैठकीत वाचली जातात आणि त्या वार्ताहराला त्याचं बीट टिकवायला उपयोगी पडतात.